दगडूदादाचं मस्कत

गेलं वर्षभर आमचे शेजारी सोपानआप्पा रोज सकाळी एका कावळ्याला मस्कतच्या प्रवासाचं बजेट वाचून दाखवत होते.

हसा. पहिल्या दिवशी मीही हसले होते. गच्चीत कपडे वाळत घालत होते, सहज खाली बघते तर आप्पा कुंपणाच्या भिंतीपाशी उभे. डोक्याला टोपी, नाकावर चष्मा, हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान आणि समोर भिंतीवर दहीभाताचा घास. "इमानाचं तिकीट, दोघांचं," असं म्हणून त्यांनी आकडा वाचला आणि मान वर करून थांबले. कचेरीत साहेबापुढं अर्ज ठेवून थांबावं, तसे. भिंतीवरच्या कावळ्यानं घासाकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

"बरं," आप्पा म्हणाले, "दुसऱ्या कंपनीचं इचारतो."

मी केडगावात जन्मभर विज्ञान शिकवलं. भुतंखेतं, उतारे, लिंबू-मिरची असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे इतकं ठासून सांगता येईल असं नाही.

आप्पांना पैशाची ददात नाही. दहा एकर ऊस आहे, सणसवाडीला बांधलेल्या खोल्या आहेत, त्यात कंपन्यांमधली बिहारी पोरं भाड्यानं राहतात. पण माणूस असा चिकट, की चपलेचा अंगठा तुटला तर तारेनं बांधतील. "हिशोब म्हंजी हिशोब, बाई," हे त्यांचं पालुपद. भाजीवालीनं कोथिंबीर फुकट दिली तरी घरी येऊन तिची किंमत काढतात. असा माणूस एक दिवस माझ्या दारात येऊन विचारतो, "बाई, तुमची भाची मस्कतला असती न्हवं? तिकडं दोन मानसांला आठवडाभर ऱ्हायला काय लागंल?" मला वाटलं, शेवटी काकूंचं नशीब उघडलं!

कसलं उघडतंय. काकू, म्हणजे आप्पांची बायको सुंदराबाई, मागून फणकारल्या, "म्या न्हाई ओ बाई! मला हितल्या हितं जेजुरीला न्ह्यायचं तर यष्टीचं तिकीट म्हाग पडतंय. हे त्यांच्या दगडूदादाला न्हेत्यात."

दगडूदादाला जाऊन तेव्हा पुरता महिनाही झाला नव्हता.

आता हा दगडूदादा कोण, ते सांगायला पाहिजे. आप्पांचा थोरला चुलतभाऊ. दोघांची घरं शेजारी-शेजारी आणि मधे एक कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवर दादाच्या शेवग्याची फांदी यायची. आम्ही इथे घर बांधलं तेव्हापासून मी ऐकत आलेय: सकाळी दूध घालून झालं की आप्पा भिंतीपाशी जाणार, फांदीला हात लावणार आणि पलीकडून दादाची आरोळी येणार, "सोप्याऽऽ, हात काढ!" मग अर्धा तास जुंपायची. फांदीवरून बांधावर, बांधावरून विहिरीच्या पाळीवर, आणि शेवटी ठरलेली गाडी मस्कतवर. "माझं मस्कत खाल्लंस तू, सोप्या!" असं दादानं म्हटलं, की आप्पांचं तोंड बंद व्हायचं. मग दोघंही आपापल्या घरात जाऊन समाधानानं चहा प्यायचे. एरवी दिवसभर एकमेकांशी अक्षर बोलायचे नाहीत.

मस्कतची भानगड गावात सगळ्यांना माहीत होती. ऐन तारुण्यात दादाला तिकडे डोझर चालवायचं काम लागलं होतं. पासपोर्ट झाला, मोठ्या कॉलरचा शर्ट शिवून झाला, केडगाव स्टेशनावरून मुंबईची गाडी धरायची तो दिवस उजाडला. आणि निघायच्या वेळेला सोपान ओरडत आला, "साप चावला!" दादानं ट्रंक टाकली, त्याला खांद्यावर घेतला आणि पळत सुटला तो थेट दवाखान्यात. डॉक्टरनं दोन्ही पाय उलटेपालटे करून पाहिले. दाताची खूण नाही की ओरखडा नाही. बाहेर गाडीची शिट्टी वाजली. दादानं दवाखान्यातच सोपानच्या कानाखाली एक ठेवून दिली म्हणतात. विमान गेलं ते गेलंच, पुन्हा काही बोलावणं आलं नाही. सोपाननं असं का केलं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. शेतीला राबायला माणूस हवा म्हणून केलं, असं लोकांनी आपलं ठरवून टाकलं.

तर असा हा दगडूदादा गेल्या वर्षी झोपेतच गेला. दहाव्याला आम्ही सगळे पारगावच्या नदीवर होतो. घाटावर पिंड ठेवला, माणसं लांब सरकली, आणि कावळा काही शिवेना. कावळे नव्हते असं नाही. बाभळीवर ओळीनं बसले होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. मग नेहमीसारखं सुरू झालं. एकेकानं पुढं व्हायचं, हात जोडायचे आणि मेलेल्याला शब्द द्यायचा. तळेगाव ढमढेऱ्याला दिलेली दादाची लेक म्हणाली, "आबा, आईला मी संभाळीन." नाही. जावई म्हणाला, "घर विकणार न्हाई." नाही. कुणी म्हैस विकणार नाही म्हणालं, कुणी मंदिराला फरशी बसवतो म्हणालं. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघत दर्भाचा कावळा करायला बसले.

आप्पा सगळ्यांच्या मागे उभे होते. ते पुढे आले, टोपी काढली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "दादा, तुला मस्कतला न्हेतो. माझ्या खर्चानं."

'खर्चानं' हा शब्द तोंडातून पुरता बाहेर पडला नव्हता तोवर कावळा खाली आला. बाकीच्यांतला नव्हे. तो कुठून आला ते कुणीच पाहिलं नाही. पिंडाला चोच लावली, आप्पांकडे बघितलं आणि नदीवरून गेला. गर्दीत कुणीतरी हसलं, "सोपानआप्पाचा खर्च म्हणल्यावर मेलेला बी उठंल!" पण मी आप्पांच्या जवळ उभी होते. त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली ती उलटी.

"शब्द वर्षश्राद्धाच्या आत फेडा बरं का," भटजी सामान आवरता आवरता म्हणाले. "नाहीतर जीव मधेच लोंबकळतो." ते सहज बोलून गेले असतील. आप्पांनी ते गाठीला बांधलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी तो कावळा भिंतीवर येऊन बसला. दादाची मान डावीकडे कलती होती. फार पूर्वी बैलानं ढुशी दिली तेव्हापासूनची. ह्या कावळ्याची मानही डावीकडे कलती. आता कावळे मान वाकडी करतातच, हे मला शिकवायला नको. पण बाकीचे ती परत सरळ करतात. हा करत नसे.

आणि आप्पांचं बजेट सुरू झालं. पद्धत अशी: रोज एक बाब आणि एक घास. बाब वाचायची, घास ठेवायचा. कावळा शिवला तर बाब मंजूर, नाही शिवला तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती. जिवंतपणी दादाचा हात सढळ. त्याला जत्रेत कुल्फी घ्यायची तर अख्ख्या गल्लीला. आणि आप्पा हे असे. त्यामुळे बजेटाचं घोडं पहिल्याच बाबीला अडलं. आप्पांनी सगळ्यात स्वस्त विमान काढलं होतं. वाटेत दुसऱ्या कुठल्या तरी देशात सहा तास ताटकळायचं. कावळ्यानं पाठ फिरवली. थेट विमान लावलं, त्या दिवशी आला आणि सगळा घास संपवून गेला.

"पैलेपासनं उधळ्या," आप्पा दात-ओठ खात म्हणाले. पण चेहरा असा उजळला होता की काय सांगू.

हॉटेलचंही तेच. बाजारपेठेतली स्वस्तातली खोली तीन दिवस नापास झाली. माझ्या भाचीनं, अश्विनीनं, समुद्राच्या बाजूची खोली सुचवली, ती एका फटक्यात पास. जेवणाच्या सदरात आप्पांनी घरून खिचडीची पाकिटं न्यायची ठरवलं होतं. त्या दिवशी कावळ्यानं घास चोचीनं ढकलून भिंतीखाली पाडला. मटण घातलं तेव्हा काम झालं. "आरं, पर तिकडं रियाल चालतो," आप्पा भिंतीला समजावून सांगत होते, "एका रियालाला आपलं दोनशेच्या वर रुपय जात्यात! एका जेवनात इथं बोकडाची तंगडी यील!" मग गप्प राहून ते ऐकत. मधेच हसत. कधी कपाळाला हात लावून म्हणत, "बरं बाबा, बरं. तुझंच खरं." मी गच्चीतून पाहत असे. भिंतीवर एक पक्षी आणि त्याच्यामागे बंद पडलेलं घर. दादाची बायको लेकीकडे गेल्यापासून त्या घराच्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं लावली होती. आप्पा ज्याच्याकडे बघून हसत, ते कावळ्याच्या थोडं मागे आणि थोडं वर असे. साधारण माणसाच्या उंचीवर.

मला दुपारी नको त्या वेळेला ते आठवे आणि मी उगाच रेडिओ लावत असे.

गावात आप्पांना आता नवीन पालुपद चिकटलं होतं: "त्याला इचारावं लागंल." न्हाव्यानं विचारलं, आप्पा, मिशी बारीक करू का? त्याला इचारावं लागंल. सोसायटीच्या निवडणुकीत उभे राहता का? त्याला इचारावं लागंल. लोक टवाळी करायचे, पण तोंडावर नाही. का, ते मी एकदा स्वतः पाहिलं.

झालं असं, दादाचा जुना पासपोर्ट लेकीकडे होता, तो आणायला आप्पा तळेगावला निघाले. मलाही तिकडे एका बारशाला जायचं होतं, म्हणून एकाच वडापच्या जीपमध्ये बसलो. आप्पांनी दोन सीटचे पैसे दिले. आप्पांनी! ड्रायव्हरनं नोट उलटसुलट करून पाहिली. मधल्या बाकावर आप्पा खिडकीची जागा सोडून बसले. न्हावऱ्याच्या अलीकडे एक दूधवाला चढला आणि त्या रिकाम्या जागेवर बसला.

"तिथं मानूस हाय," आप्पा म्हणाले.

"कुठंय?" असं म्हणत दूधवाला ऐसपैस टेकला. दोन मिनिटं बसला असेल. मग दंडावरनं हात फिरवायला लागला. मग उठला, मागे गेला आणि दाराला लोंबकळत उभा राहिला. "लई गार लागतंय तिथं," तो म्हणाला. चैत्र चालला होता. बाहेर उसाची पाचटं तापून वास सुटला होता आणि जीपमधल्या आम्हा सगळ्यांच्या अंगातून घाम निथळत होता. पुढे तळेगावपर्यंत माणसावर माणूस चढला, बायका पोरं मांडीवर घेऊन बसल्या, पण त्या जागेवर कुणी बसलं नाही. मीही नाही. वारा कुठल्या फटीतून येत असेल, ती फट शोधायची मला सारखी इच्छा होत होती, पण मी काही मान वळवून तिकडे पाहिलं नाही.

पासपोर्ट घेऊन आप्पा चौफुल्याच्या ट्रॅव्हल एजंटकडे गेले, तेव्हा भाषेची अडचण नको म्हणून मला बरोबर नेलं. मराठी माणसाच्या दुकानात कसली आलीय भाषेची अडचण! पण गेले. तिथला संतोष चांगला मुलगा. त्यानं पासपोर्ट उघडला. आत मोठ्या कॉलरचा, दाट केसांचा, ताठ मानेचा तरुण दादा.

"काका, हा तर कधीच एक्सपायर झालाय."

"व्हय," आप्पा म्हणाले, "दहाव्याला लई लोक हुते."

संतोषनं माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. शेवटी मीच त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं, पण तो हसला नाही. चौफुल्याचा मुलगा, त्याच्याही घरी पिंड अडले असतील. विचार करून म्हणाला, "मॅडम, शेजारची सीट जादा घेता येते. गुडघे दुखणारे लोक घेतात. ती काकांच्याच नावावर निघेल." आप्पांना हे पटलं. "खिडकीची त्याची," त्यांनी बजावलं.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मला खटकली होती, पण तेव्हा तिचा अर्थ कळला नाही. एका सकाळी अश्विनीचा व्हिडिओ कॉल आला. आप्पा हौसेनं आले. समुद्र दाखव म्हणाले, म्हणून ती फोन घेऊन बाल्कनीत गेली. कठड्यावर कावळा बसला होता. तिकडेही आपल्याकडच्यासारखे कावळे भरपूर आहेत, उच्छाद आहे नुसता, असं ती सांगत होती. कावळ्यानं फोनकडे बघितलं. मान डावीकडे.

मी म्हटलं, "घ्या आप्पा, तुमचे दादा आधीच पोचले."

मी गंमत केली होती. आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. ते तसेच उठले, चप्पल न घालता पळत भिंतीपाशी गेले. भिंत रिकामी होती. त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकू दोनदा मला येऊन सांगून गेल्या. भिंतीपाशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच. दुपार कलल्यावर पंखांची फडफड झाली, कावळा येऊन बसला, आणि आप्पा लहान मुलावर खेकसावं तसे खेकसले, "कुठं गेल्तास रं न सांगता?"

एकेक करून सगळ्या बाबी मंजूर झाल्या. टॅक्सी झाली, विमा झाला, अश्विनीसाठी बाजरीचं पीठ आणि शेंगाची चटणी न्यायची ठरली. आता उरली फक्त गोळाबेरीज. ती एकदा मंजूर झाली की तिकीट काढायचं.

आणि गोळाबेरीज मंजूर होईना.

रोज सकाळी विचारलं की आप्पा मान हलवत. "दादा मानत न्हाई. पुन्ना बसवतो." दिवाळी गेली, संक्रांत गेली. संतोषचे फोन यायला लागले, की काका, भाडं वाढतंय. काकूंचा जीव टांगणीला लागला. "वरीस भरत आलं बाई," त्या म्हणाल्या. "शबुद पुरा न्हाई झाला तर तो मानूस तसाच भिंतीवर बसायचा जलमभर. मला परसात जायचं भ्या वाटतंय." त्या बोलताना सारख्या त्या बंद घराकडे बघत होत्या. मी त्यांना विज्ञान समजावून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यावर आलं तेव्हाची गोष्ट. मी गच्चीत कुरडया घातल्या होत्या आणि काठी घेऊन टाकीच्या सावलीत राखणीला बसले होते. कुणाच्या राखणीला, ते सांगायला नको. खाली आप्पा आले. घास ठेवला, पान उघडलं, गोळाबेरीज वाचली. टाकीमुळे मी त्यांना दिसत नव्हते. कावळा भिंतीवरच होता. तो एक पाऊल सरकला. आणखी एक. मान लांब केली, चोच घासाला आता लागणार, आणि आप्पांनी फाडकन टाळी वाजवली.

"हाड्! हाड्!"

कावळा उडाला. आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं, घास उचलून भिंतीपलीकडे शेवग्याच्या बुडाशी टाकला आणि मोठ्यानं म्हणाले, घरात ऐकू जाईल असं, "न्हाई मानत बगा आज बी!"

माझं डोकं फिरलं. सहा महिने आम्हा सगळ्यांच्या जिवाला घोर आणि हा बाबा टाळ्या वाजवतोय! काठी हातात तशीच घेऊन मी जिना उतरले आणि त्यांच्या परसात जाऊन उभी राहिले.

"आप्पा, हे काय चाललंय?"

आप्पा दचकले. आधी काठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. ते मटकन भिंतीला टेकून खाली बसले.

"त्यानं कवाच मान्य केलंय बाई," ते म्हणाले. "पैल्याच दिवशी आल्ता."

"मग टाळी कशाला वाजवता?"

"मस्कत झालं की त्याचं काम झालं. मग तो हितं कशाला यील?"

आप्पा मातीतून बोट फिरवत राहिले.

"सुंदरा हाय, पोरगा हाय, नातवंडं हायती. समदी चांगली हायती. पर त्यांच्याशी भांडता येत न्हाई ओ मला. लगीच रुसत्यात. ह्यो कवा रुसला न्हाई. रोज शिव्या द्यायचा आन् रोज सकाळी यायचा." त्यांनी नाक पुसलं. "लोकांला वाटतं, सापाचं खोटं मी शेतीपायी बोललो. कसली शेती? माझी आई ल्हानपनीच गेलेली. ह्याच्या पाठीवर वाढलो मी. हा गाडीत बसला की मी एकटा पडतोय, येवढंच आलं मनात. बाकी कायबी न्हाई. त्याला कवा सांगितलं न्हाई. कसं सांगावं? मिशा फुटल्याल्या मानसानं असं सांगावं व्हय? तो मस्कत मस्कत करत गेला, आन् मी तोंड मिटून बसलो."

"आणि आता दुसऱ्यांदा अडवताय," मी म्हणाले. मला राग आला होता आणि भडभडूनही आलं होतं. त्यामुळे आवाज फार कडक निघाला. "आप्पा, जिवंतपणी नाही जाऊ दिलंत. आता तरी जाऊ द्या त्याला."

आप्पांनी हिशेबाचं पान घडी करून खिशात ठेवलं. मी काठी घेऊन परत आले. त्या दिवशी बऱ्याच कुरडया कावळ्यांनी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मला हाक मारली. जाऊन पाहते तर आप्पा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून भिंतीसमोर पाटावर बसलेले. नेहमी उभे राहायचे, आज बसले होते. हिशेबाचं पान पुढ्यात जमिनीवर, त्यावर दगड. आणि दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते.

वारा अजिबात नव्हता. शेवग्याचं पानसुद्धा हलत नव्हतं. आप्पांनी गोळाबेरीज वाचली. कावळा बंद घराच्या पन्हळीवर होता, तिथून भिंतीवर उतरला. पण घासाकडे येईना. कलत्या मानेनं आप्पांकडे बघत राहिला. बराच वेळ. काकूंनी माझा दंड घट्ट धरला होता. मी एकदा त्या खिडकीकडे पाहिलं, जिला आतून वर्तमानपत्र लावलेलं होतं. ते एका कोपऱ्यात मुडपलेलं होतं. कालपर्यंत ते तसं होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

"दादा," आप्पा म्हणाले, "साप न्हवता रं चावला. तू जाऊ नये म्हनून बोललो. मला करमलं नसतं."

कावळा पुढे आला. आप्पांचे हात मांडीखालून सुटायला बघत होते आणि ते त्यावर सगळा भार टाकून बसले होते. कावळ्यानं घास उचलला. सांडला नाही, टाकला नाही. सगळा खाल्ला आणि त्याच जागी बसून राहिला. आप्पा ढसाढसा रडले. काकू रडल्या. मी विज्ञानाची शिक्षिका, मीही पदर डोळ्याला लावला.

मग मीच संतोषला फोन लावला आणि स्पीकर चालू करून आप्पांच्या पुढे धरला.

"करू का बुक, काका?" संतोष म्हणाला. "दोन सीट, जाऊन-येऊन?"

आप्पांनी भिंतीकडे पाहिलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला.

"जायची दोन," ते म्हणाले. "यायचं येकच."

"काका, तसं करू नका. दोन्हीकडची घेतली की स्वस्त पडतं. एकीकडची महागात जाते."

"जाऊ दे म्हागात," आप्पा म्हणाले. "त्याला परत आणायचं न्हाई."